उजव्या मांडीतली कळ

इथल्या जुन्या वाचकांना माझं नाव ओळखीचं असेल, आणि फार प्रेमानं नसेल. या धाग्यावर कुणी घाटातली बाई लिहिली, कुणी गाडीमागे धावणारा कुत्रा लिहिला, की खाली येऊन "हेडलाइट चालू होते का?", "त्या दिवशी जेवणात काय होतं?" असले प्रश्न विचारणारी ती मीच. एका काकांनी वैतागून लिहिलं होतं, "ताई, तुम्ही भुताकडेसुद्धा आधार कार्ड मागाल." मागेन. अजूनही मागेन.

तेव्हा आज मीच लिहायला बसलेय याचं कुणाला हसू आलं तर माझी तक्रार नाही. फक्त आधीच सांगते — यात पांढरी साडी नाही, पिंपळ नाही, रात्रसुद्धा नाही. जे झालं ते दिवसाउजेडी, बेडपॅन धुताना आणि चादरी बदलताना झालं. घाबरायला आलेल्यांनी दुसरं काही वाचावं.

आम्ही वसईचे. होळी नावाच्या भागात आमची वाडी आहे... केळी, थोडी भाजी, मागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी सगळी वाडी त्यावर शिंपली जायची. आता कुंपणापलीकडे टॉवर झालाय. त्याच्या गॅलरीतून लोक आमच्या केळींचे फोटो काढतात. घरात मी, माझा नवरा सुहास आणि सासूबाई. मुलगी पुण्याला नोकरीला. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. म्हणजे दिवसभर पुस्तकांची धूळ आणि पोरांची कारणं, दोन्ही झटकायची.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. आयुष्यभर डोक्यावर टोपली घेऊन केळीची पानं आणि भाजी बाजारात नेलेली बाई. "दुखतंय" हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नव्हता. एकदा अंगणात पाय मुरगळला, तर तशाच त्या पायावर उभं राहून सगळ्यांना जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी घोटा भोपळ्याएवढा झाला तेव्हा आम्हाला पत्ता. घरात त्या आमच्या जुन्या बोलीत बोलायच्या. ती इथे लिहिली तर निम्म्यांना कळणार नाही, म्हणून साध्या मराठीत देते. त्यातला तिखटपणा तुमचा तुम्ही वाढवून घ्या.

गेल्या वर्षी त्यांचा खोकला हटेना. तपासण्या झाल्या. फुप्फुसाचा कॅन्सर, आणि तोही बराच पुढे गेलेला. मोठ्या डॉक्टरांनी सुहासला नि मला केबिनमध्ये घेतलं, आईंना बाहेर बाकावर बसवलं. उपचारांनी आता फार काही साधणार नाही, घरी न्या, त्रास कमी राहील एवढं पाहू, असं ते म्हणाले. बाहेर येताना सुहासनं माझा दंड धरला.

"आईला काही सांगायचं नाही. फुप्फुसाला सूज आहे म्हणायचं. कळलं?"

कळलं. आपल्याकडे हे असंच चालतं. ज्याचा आजार त्यालाच तेवढा ठाऊक नसतो. बाकी रिक्षावाल्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांना असतो. नणंद वंदना बोईसरहून आली, तिलाही दारातच समज दिली. ती आत जाऊन म्हणाली, "आई, सूज काय गं, माझ्या जावेच्या भावालापण होती, आता टुणटुणीत आहे." आई म्हणाल्या, "बरं झालं बाई." विषय संपला.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या हातात शहाळं नि तोंडात उपाय. कुणी गोमूत्र सांगितलं, कुणी कुठल्याशा बाबांचा अंगारा आणला. एक स्थानिक नेते ज्येष्ठ माऊलीची विचारपूस करायला फोटोग्राफरसकट आले, शाल घातली, आईंच्या खाटेशी वाकून उभे राहिले. फोटो नीट येईना म्हणून पुन्हा वाकले. ते गेल्यावर आई म्हणाल्या, "शाल चांगली आहे. पण तो मला नमस्कार करत होता की कॅमेऱ्याला?"

या सगळ्यात खरं काम करणारी एकच व्यक्ती यायची, ती म्हणजे ग्लोरिया सिस्टर. एका ट्रस्टची घरी येऊन सेवा देणारी टीम आहे, तिच्यातली नर्स. निर्मळ गावाकडची. स्कूटरवरून यायची, हेल्मेट पायरीवर ठेवायची, हात धुवायची आणि आईंच्या खाटेवर सरळ बसायची. खुर्चीवर नाही, खाटेवर. मग काही वेळ आजाराचा विषयच नाही. केळीला यंदा घड कसा आहे, बाजारात पानाला काय भाव मिळतो... आईंना ती आवडायची, कारण तिला केळीतलं काही कळत नव्हतं आणि आई तिला शिकवू शकत होत्या.

"अगं, हे पान वाढायचं नाही. फाटकं आहे."

"मग कशाला ठेवलंत, आई?"

"तुझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठी."

मग सिस्टर पिशवीतून एक पुठ्ठा काढायची. त्यावर ओळीनं तोंडं काढलेली. पहिलं हसरं, मग एकेक पडत जाणारं, शेवटचं धाय मोकलून रडणारं. खाली शून्य ते दहा आकडे. "आज कोणतं तोंड, आई?" आई चष्मा लावून पाहायच्या आणि हसऱ्याच्या शेजारच्यावर बोट ठेवायच्या. दोन. रोज दोन. "हे शेवटचं तर सुहासच्या मामासारखं आहे," असंही एकदा म्हणाल्या. सिस्टर हसली, पण तिनं आईंच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ताई, दोनवाला माणूस चादर अशी मुठीत धरत नाही. पण त्या सांगत नाहीत तोवर डॉक्टर औषध वाढवणार कसं? अंदाजानं मॉर्फिन देता येत नाही."

"त्यांना दुखतच नसेल," सुहास म्हणाला. "आई आमची कणखर आहे." शिवाय मॉर्फिनचं नाव काढलं की त्याचा चेहरा पडायचा. मॉर्फिन म्हणजे शेवट, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. सिस्टरनं दोनदा समजावलं की तसं नसतं. तो मान हलवायचा आणि बाहेर जाऊन केळीची सुकलेली पानं काढत बसायचा.

आता माझं.

मी शाळेतून लांब रजा घेतली होती. आईंना उठवणं, पुसून घेणं, कुशीवर वळवणं माझ्याकडे. एका सकाळी त्यांना वळवताना माझ्या उजव्या मांडीत कळ गेली. वरच्या बाजूला, अगदी आत, हाडातून कुणी गिरमिट फिरवावं तशी. मी म्हटलं, उचलताना लचक भरली. पन्नाशीच्या बाईला दुसरं काय होणार? मलम लावलं.

पण ती कळ लचकेसारखी वागेना. चालताना नाही, जिना चढताना नाही. मी स्वस्थ भाजी निवडत बसलेली असायचे नि ती यायची. राहायची, पिळायची, जायची. ऑर्थोपेडिककडे गेले. त्यानं पाय सगळीकडून वाकवून पाहिला, एक्स-रे काढला. स्वच्छ. "वजन कमी करा," म्हणाला. हे तो एक्स-रे न काढताही म्हणाला असता.

मग एक दिवस मला शाळेत जावं लागलं, नव्या पुस्तकांवर सह्या हव्या होत्या. घरी वंदना होती. स्टाफरूममध्ये चहा घेत असताना ती कळ अशी आली की कप बशीत आदळला. मुख्याध्यापिका "काय हो मॅडम?" म्हणेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी. दोन मिनिटांत ओसरली. घरी आल्यावर वंदना कुरकुरत होती — "एकटीनं आईची चादर बदलायची म्हणजे कसरत आहे गं. तू शाळेत सह्या करत बसलीस."

"कधी बदललीस?"

"तू चहा पीत असशील तेव्हा," ती टोमणा मारत म्हणाली.

 हे कुणाला बोलले असते तर तुमच्यातलीच एखादी "मॅडम, योगायोग" म्हणाली असती आणि मी तिला दुजोरा दिला असता. मी स्वतःला तेच सांगितलं. मिरर न्यूरॉन्सबद्दल, म्हणजे समोरच्याला लागलं की आपल्या मेंदूतही उमटतं त्याबद्दल, वाचलं होतं. काळजी घेणाऱ्यांची अंगं दुखतात तेही वाचलं होतं. शिवाय आईंचं दुखणं फुप्फुसात. मी मनानंच सोंग आणत असते तर छाती दुखायला हवी होती. मांडीचा संबंध काय? या मुद्द्यावर मी जिंकले आणि निर्धास्त झाले.

पुढच्या भेटीत सिस्टर आईंना तपासत होती. मी खाटेच्या पायाशी उभी. तिनं आईंना अलगद कुशीवर घेतलं आणि मी मांडी धरून खाली बसले. तिनं विचारलं म्हणून सगळं सांगितलं, हसत हसत, एखादा विनोद सांगावा तसं. सिस्टर हसली नाही. तिनं आईंचं लुगडं जरा सारून त्यांच्या उजव्या मांडीवर वरच्या बाजूला हात ठेवला. दाबलं नाही, नुसता ठेवला. आईंनी श्वास आत घेतला आणि तो सोडलाच नाही.

"आई, इथं?"

"नाही गं. तुझा हात गार आहे."

वसईतला मे महिना होता. कुणाचेच हात गार नव्हते.

संध्याकाळी टीमचे डॉक्टर येऊन गेले. आजार मांडीच्या हाडात उतरला असावा, उचलताना फार जपा, हाड मोडू शकतं, असं म्हणाले. आधीच्या कुठल्याच तपासणीत मांडी नव्हती. मांडीचं नाव कुणी काढलेलं नव्हतं... माझ्याखेरीज.

निघताना मी सिस्टरला पायरीवर गाठलं. "हे काय आहे?"

"मला नाही माहीत, ताई. आम्हाला शिकवतात की पेशंटच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पण असं... एवढं नाही शिकवत." हेल्मेटचा पट्टा लावता लावता ती थांबली. "पण एक सांगू? आईंना सांगा. तुमचं दुखतंय ते."

"काय सांगू? तुमचं दुखणं माझ्यात आलंय? मी ग्रंथपाल आहे हो, अंगात येणारी बाई नाही."

"नाव काहीही द्या. त्या तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प आहेत ना? मग त्रास होतोय ते तरी त्यांना कळू दे."

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दुपारी आईंना पुसून घेत होते. सुहास ओटीवर पेपर वाचत होता, दार लोटलेलं. मी त्यांची पाठ पुसत होते नि कळ आली. माझ्या हातातला टॉवेल थांबला.

"काय झालं गं, मेधा?"

"काही नाही. मांडी दुखते."

"कुठली?"

"उजवी."

 आईंनी पाठमोऱ्या असतानाच हात मागे आणला, चाचपत माझ्या मांडीपर्यंत नेला आणि साडीवरून एका जागी बोट ठेवलं. बरोब्बर त्या जागी.

"इथं?"

"हो."

"आतून पिळल्यासारखं? आणि मग खाली गुडघ्याकडे?"

"हो, आई."

त्यांनी हात काढला नाही. त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं खोकला आला. त्या रडत होत्या. चाळीसेक किलोची बाई, आवाज न करता.

"म्हणजे एवढं दाताखाली धरून ठेवलं ते फुकटच गेलं," त्या म्हणाल्या. "तुलाच लागलं."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणाला? तुम्ही मला सूज सांगता. सुजेला कुणी एवढं दुखतं म्हणतं का? म्हटलं असतं तर सुहासला कळलं असतं की मला कळलंय."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सुहास माझ्याशी गोड बोलायला लागला तेव्हापासून. एवढ्या वर्षांत कधी बोलला होता? पहिल्याच दिवशी म्हणाला, 'आई, तुला काय खावंसं वाटतं?' मी म्हटलं, संपलं." नाक ओढून त्या थोडं हसल्या. "तो लहानपणापासून तसाच. वासरू मेलं तर तीन दिवस जेवला नव्हता. त्याला वाटतं ना आई बरी होणार? वाटू दे. मी जाईपर्यंत तरी वाटू दे, म्हणून मी दोनवर बोट ठेवते."

दार उघडलं. सुहास उभा होता. किती ऐकलं, मी कधी विचारलं नाही. तो आत आला, खाटेशी जमिनीवर बसला आणि आईंच्या पावलांवर कपाळ टेकलं.

"किती दुखतं, आई?" त्यानं विचारलं.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आठ, बाबू," त्या म्हणाल्या. "कधी कधी नऊ."

त्यानं मला फोन आणायला सांगितलं आणि सिस्टरला स्वतः फोन लावला. आवाज त्याचा नव्हता, पण वाक्य सरळ होतं. "सिस्टर, आईला फार दुखतंय. मॉर्फिन सुरू करायचंय."

दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या. आईंचं दुखणं उतरायला, मात्रा बसायला काही दिवस गेले, ते समजण्यासारखं आहे. मला न समजणारी गोष्ट ही, की माझी मांडी आदल्या दुपारीच दुखायची थांबली. "आठ" म्हणाल्या त्याच क्षणापासून. गोळ्या यायच्या आधी. त्यांना अजून दुखत होतं, त्या सांगत होत्या, आज सहा, आज पाच, आणि माझ्या पायात काहीच नव्हतं. मी मुद्दाम दाबून पाहायचे. लचकेलासुद्धा काही नियम असतात हो. ही कळ कशी कुणी आकडा उच्चारल्यावर निघून जाते?

त्यानंतरचे दिवस वाईट होते आणि चांगलेही होते. घरात खरं बोलायला परवानगी मिळाली होती. वंदना एक दिवस आईंच्या कुशीत शिरून मोठ्यानं रडली आणि आईंनी तिला सांगितलं, "माझ्या बांगड्या तुला, पण मेधाशी भांडायचं नाही." वंदना रडता रडता म्हणाली, "ती सुरुवात करते." सुहास कामावरून आला की त्यांच्या उशाशी बसायचा. बापाच्या गोष्टी काढायचा, ज्या त्यानं मला इतक्या वर्षांत सांगितल्या नव्हत्या. आपण गेल्यावर कुणाला भाषण करू द्यायचं नाही, हे आईंनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. विशेषतः शालवाल्याला.

शेवटच्या सकाळी त्यांचे श्वास लांब लांब पडायला लागले. सिस्टर येऊन गेली होती, आता फार वेळ नाही हे तिनं आम्हाला सांगितलं होतं, आणि आईंना नुसतं "येते हं" म्हणताना वाकून त्यांच्या गालाला गाल लावला होता. खिडकीतून केळीच्या पानांचं हिरवं ऊन त्यांच्या अंगावर पडलं होतं. सुहासनं चमच्यानं ओठ ओले केले.

मी विचारलं, "आई, दुखतंय का?"

त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. नाही.

हे "नाही" मी इतक्यांदा ऐकलं होतं. मी खाटेच्या कडेला बसले, डोळे मिटले आणि स्वतःचं अंग डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. छाती, पाठ, कंबर, मांडी. एखाद्या घरात कुणी राहिलं नाही ना, हे खोलीखोलीत बघावं तसं. कुठेही काही नव्हतं.

मग मी सुहासला म्हटलं, "खरं सांगतायत."

तासाभरानं त्या गेल्या.

शोकसभा झाली नाही. शालवाले आले होते, अंगणात दोन शब्द बोलतो म्हणाले. सुहास त्यांना म्हणाला, "आई नको म्हणाली आहे." एवढं स्पष्ट बोलताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

आता तुमचे प्रश्न. मीच असते तर विचारले असते, म्हणून उत्तरं देते. हो, दमलेली होते. हो, झोप कमी होती. नाही, मांडीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा, त्यांची मूठ पाहून माझ्या मेंदूनं परस्पर हिशेब लावला असेल का? असेल. पण मी शाळेत चहा पीत होते तेव्हा कुणाचा चेहरा पाहिला होता? सिस्टरनं इतक्या घरांत इतकी माणसं पाहिली, तिलाही सांगता येत नाही. ती म्हणते, प्रार्थना करा. मी म्हणते, मला येत नाही. मग ती म्हणते, मग मी करते.

परवा बाजारातून चालत येताना उजवी मांडी दुखली. मी भररस्त्यात थांबले. पिशवी खाली ठेवली, तिथं हात ठेवला आणि मूर्खासारखी वाट पाहत उभी राहिले... आतून पिळतंय का, गुडघ्याकडे उतरतंय का. मागून रिक्षावाला हॉर्न देत होता.

नव्हतं ते. साधं चालून दुखत होतं. माझंच होतं.